अण्णांचं टाचण

दीड महिना झाला, मी एक ओळ लिहिली नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत नातवंडं जालन्याला आली, घरात जिथं हात घालावा तिथं आंब्याची कोय नाहीतर मोबाइलचा चार्जर निघायला लागला, आणि हे आत्मकथन सहाव्या प्रकरणाशी बसलं ते बसलंच. आता पोरं गेली. काल सकाळी मी टेबल पुसलं, पेनात शाई भरली, वहीला कव्हर घातलं, चष्मा धुतला, मग चहा केला. चहा पिताना वाटलं की कव्हर जरा तिरकं बसलंय, म्हणून ते काढून पुन्हा घातलं. तोवर जेवायची वेळ झाली. सून म्हणाली, "आई, झालं का लिहून?" मी म्हणाले, "तयारी झाली." ती हसली. तिला काय ठाऊक, ही तयारी आमच्या घराण्यात वडिलोपार्जित आहे. शेतीवाडी नाही मिळाली मला माहेराहून, हे तेवढं मिळालं.

माझे वडील, म्हणजे अण्णा, आमच्याच गावच्या शाळेत गुरुजी होते. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. भोकरदन तालुक्यात, पिंपळगाव रेणुकाईच्या अलीकडं, एवढं पुरे. शाळा अजून आहे, उगीच कुणाला राग नको. तर त्या काळी प्रत्येक गुरुजीला टाचण लिहावं लागायचं. टाचण म्हणजे उद्या वर्गात काय शिकवणार ते आज वहीत लिहून ठेवायचं. रकाने ठरलेले: विषय, घटक, उद्दिष्ट, साहित्य, कृती, मूल्यमापन. सकाळी ती वही हेडमास्तरांच्या टेबलावर ठेवायची, त्यांनी खाली लाल शाईनं 'पाहिले' असं लिहून सही ठोकायची, आणि मग गुरुजीनं वर्गावर जायचं. वहीत काय लिहिलंय आणि वर्गात काय चाललंय यांची एकमेकांशी तोंडओळख तरी असावी, असा नियम मात्र कुठंच नव्हता.

अण्णांचं अक्षर म्हणजे चिखलातून कोंबडी गेलेली. स्वतः लिहिलेलं स्वतःला लागायचं नाही, मग दुसऱ्याची काय कथा! म्हणून मी सहावीत गेले तेव्हापासून त्यांचं टाचण मी लिहायचे. चारची शाळा सुटली की ओसरीवर पोतं टाकायचं, बाई, म्हणजे माझी आई, गुळाचा चहा आणून ठेवायची, अण्णा भिंतीला टेकून तंबाखू मळत सांगायचे, "लिही. घटक, पाणी. उद्दिष्ट... मागच्या वेळेला काय लिहिलं व्हतं? तेच लिही." सांगता सांगता त्यांचा डोळा लागायचा. मी मागचंच लिहायचे. शाळा तपासायला येणारे साहेब लोक वही उघडून म्हणायचे, "गुरुजी, अक्षर म्हणजे मोती आहेत!" आणि अण्णा मान खाली घालून असे लाजायचे की बघणाऱ्याला वाटावं, किती हा साधा माणूस.

त्या वर्षी मी सातवी पास झाले. आमची शाळा सातवीपर्यंतच. आठवीला भोकरदनला जायचं तर तिथं मावशी होती, ती आपल्या तोंडानं म्हणाली होती, "पाठवून द्या पोरीला, माझ्याकडं राहील." मी अण्णांना विचारलं, ते म्हणाले, "बघू." आठ दिवसांनी विचारलं, ते म्हणाले, "पोरीच्या जातीला भोकरदन लांब पडतं." मावशीच्या घरापासून शाळा गल्ली ओलांडली की होती, मग लांब कुणाला पडतं? तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा म्हणाले, "एक साल थांब, पुढच्या साली बघू." बाई चुलीपुढून बोलली, "सालभर थांबून काय व्हनार हाये? खरं कारन म्या सांगते. ही गेली तर वही कोन लिहील?" अण्णा उठून पाण्याच्या रांजणाकडं गेले. त्यांना तहान लागली नव्हती.

अण्णांचा एक स्वभाव सांगायला हवा, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. तोंडी सांगितलेलं त्यांना पटतच नसे. उद्या सुट्टी आहे असं अख्खं गाव म्हणू दे, ते म्हणणार, "लेखी आलंय का?" बाईनं घसा कोरडा करून सांगितलेलं त्यांच्या या कानातून त्या कानात जायचं, आणि कुठल्या तरी कचेरीतून तीन ओळींचा चिठोरा आला की माणूस उभ्याचा आडवा व्हायचा. त्यात लिहिलेलं कळो न कळो, ते पाळायचं.

उन्हाळ्यात आम्ही बाईच्या माहेरी, कुंभार पिंपळगावला, मामाकडं गेलो. महिनाभर पेनाचं तोंड पाहिलं नाही. सकाळी शेवया, दुपारी कुरडया, मधे रस, बाजाराच्या दिवशी भेळ, आणि उन्हं उतरली की लिंबाखाली बसून पुन्हा आंबे. माझ्या बोटांना शाईचा वास येणं बंद झालं, रसाचा यायला लागला. मामी शेवयांचा पाट माझ्याकडं देऊन म्हणायची, "पोरीच्या हाताला वळन हाये." ते वळण टाचण लिहून आलेलं होतं, हे मी तिला सांगितलं नाही. मनात मात्र एकच चालू होतं की जूनमध्ये शाळा उघडतील, पोरं आठवीला जातील, आणि मी पोत्यावर बसून 'घटक, पाणी' लिहीन.

तसंच झालं. शाळा उघडायच्या आदल्या दिवशी अण्णा म्हणाले, "चल, बस." मी बसले. हात चालेना. अक्षर वेडंवाकडं येऊ लागलं, रेघ सोडून वर जाऊ लागलं. अण्णांना वाटलं, दोष तयारीचा आहे. मग सुरू झाली तयारी. वहीला वर्तमानपत्राचं कव्हर घातलं. कव्हरावर 'श्री' काढला. श्रीला कुंकू लावलं. कुंकू ओलं होतं, ते आतल्या पानावर उतरलं, म्हणून कव्हर बदललं. दोन दिवस नुसते रकाने आखले, तेही लाल आणि निळ्या अशा दोन शायांनी. हेडमास्तरांनी विचारलं तर अण्णा म्हणायचे, "लिहून राह्यलो, सर. पायाभरनी चालू हाये." चौथ्या दिवशी रकाने संपले आणि त्यात काय भरायचं हा प्रश्न उभा राहिला.

"मागच्या सालची वही काढ," अण्णा म्हणाले, "तीच उतरव." वही कुठं आहे ते बाईला विचारलं, तर ती पापडाच्या डब्यात. म्हणजे वही नाही, वहीची पानं. नियमाप्रमाणे जुनी वही शाळेत जमा करायची, पण शाळेच्या कपाटाला वाळवी, म्हणून हेडमास्तर म्हणायचे, घरी न्या. घरी आलेली वही बाईनं उसवली होती आणि डब्यात पापडाचा एक थर, टाचणाचं एक पान, पुन्हा पापडाचा थर असं रचून ठेवलं होतं. अण्णांनी डब्याला हात लावला तशी बाई कडाडली, "खबरदार! समदे पापड हलले तर चुरा व्हईल. वरून जसे खाऊ तसं पान निघंल." झालं! आमच्या घरात रोज पापड भाजले जाऊ लागले. भाकरीबरोबर पापड, येसराच्या आमटीबरोबर पापड, चहाबरोबरसुद्धा पापड. एक थर संपला की एक पाठ हाती लागायचा. अण्णा जेवता जेवता मला म्हणायचे, "अजून दोन खा गं प्रयाग, उद्याचं गणित न्हाई निघालं."

बाईनं पानं रचताना तारखा काही पाहिल्या नव्हत्या. त्यामुळं जूनच्या त्या उकाड्यात, पत्र्याखाली जीव नकोसा झालेला असताना, मी तेलकट पानावरून उतरवलं: 'विषय परिसर अभ्यास. घटक, थंडीचे दिवस. कृती, विद्यार्थ्यांना मैदानात नेऊन गवतावरचे दव दाखवणे. शेकोटीचे महत्त्व सांगणे.' लिहून झाल्यावर माझ्याच लक्षात आलं. अण्णांना सांगावं म्हटलं तर त्यांनी रकाने भरलेत एवढं पाहून वही मिटली होती. दुसऱ्या दिवशी वही परत आली. दवाच्या खाली, शेकोटीच्या खाली, झोकदार लाल सही: पाहिले.

मी ती सही बराच वेळ बघत बसले. दोन वर्षं मी जीव तोडून लिहिलं होतं. काना, मात्रा, वेलांटी, सगळं जिथल्या तिथं. आणि ते कुणीही, कधीही, वाचलेलं नव्हतं! मला आधी रडू आलं, मग राग आला, आणि मग, खोटं कशाला बोलू, मजा वाटली. माझी सून आज शिक्षिका आहे. ती टाचण मोबाइलवरून वर पाठवते आणि समोरून दोन निळ्या खुणा येतात. मी तिला म्हणते, बाई गं, हेच ते पाहिले, फक्त शाई बदलली.

दुसऱ्या दिवसापासून हात असा चालू लागला की विचारू नका. लिहायची मोडलेली सवय कशी लागते, असं मला अजून वाचक विचारतात. मी सांगते, कुणी वाचणार नाही याची खात्री करून घ्या आणि खरं लिहा. मी लिहिलं: 'घटक, पाढे. कृती, मुलांनी पाढे मोठ्याने म्हणावेत म्हणजे गुरुजींचा डोळा लागणार नाही. लागलाच तर हळू म्हणावेत.' पाहिले. मग लिहिलं: 'घटक, वेळ मोजणे. साहित्य, गुरुजींची तंबाखू. ती दोनदा मळून झाली की एक तास होतो.' पाहिले. 'घटक, पाळीव प्राणी. साहित्य, हेडमास्तरांच्या खुर्चीखाली झोपणारी कुत्री, नग एक. मूल्यमापन, कुत्री जागी झाली, वर्ग झाला नाही.' त्याच्याखालीसुद्धा पाहिले! पंधरा दिवस मी रोज चारची वाट बघायचे. अण्णा बाईला सांगायचे, "पोरगी लाईनीवर आली. बघ, किती मन लावून लिहून राह्यली." बाई म्हणायची, "तिला आठवीला घाला, आनखी मन लावील." अण्णांना लगेच तहान लागायची.

एक दिवस गावातली पोरं आठवीसाठी सकाळच्या एसटीनं भोकरदनला गेली. मी दारात उभी होते. गणितात दोन वेळा नापास झालेला पोरगा खिडकीतून हात हलवत होता. त्या दिवशी चार वाजता मी पोत्यावर बसले ती चेष्टा करायच्या इराद्यानं नाहीच. लिहिलं: 'घटक, पुढचे शिक्षण. उद्दिष्ट, सातवी पास झालेल्या मुलीला आठवीत बसवणे. साहित्य, वडिलांची सायकल. कृती, सायकलीत हवा भरणे. अडचण, मुलगी गेल्यास टाचण कोण लिहिणार.' अडचण असा रकाना टाचणात नसतो. मी तो नवा आखला. अण्णांनी वही मिटली, पिशवीत टाकली. सकाळी हेडमास्तरांनी पाहिले.

आणि त्याच दिवशी तपासणीला साहेब आले, न सांगता. काझी साहेब त्यांचं नाव. घरी उर्दू बोलणारा माणूस, पण मराठी पुस्तकांचा असा नाद की मोटारसायकलच्या डिकीत जेवणाच्या डब्याऐवजी पुस्तक असायचं, असं लोक सांगायचे. साहेब आले की चहा-पोहे गुरुजींच्या घरून जायचे, ही शाळेची रीत. बाईनं पोहे केले, मी ताट आणि किटली घेऊन गेले. ऑफिस म्हणजे चौथीच्या वर्गात कपाट आडवं लावून केलेला कोपरा. साहेब वही वाचत बसले होते. वाचत! बोट रेघेवरून फिरवत, ओठ हलवत. मी ताट टेबलावर ठेवलं आणि किटली हातातच राहिली.

पहिल्यांदा ते नुसते हुंकारले. मग खुदकन हसले. मग चष्मा काढून डोळे पुसून पुन्हा पहिल्या पानावर गेले. "वा, गुरुजी! चोवीस साल झाले नोकरीला, टाचण वाचून मला बराबर एकच गोष्ट व्हायची, नींद यायची. हे काय गजब लिहिलंय!" अण्णा हात जोडून लाजले. त्यांना बिचाऱ्यांना वाटलं, अक्षराबद्दल चाललंय. हेडमास्तर म्हणाले, "आमच्याकडं लिखान एकदम टापटीप असतं साहेब. म्या रोजचं रोज पाहतो." साहेब म्हणाले, "हां, ते दिसून राह्यलं. तुमच्या कुत्रीच्या खालीबी सही हाये." हेडमास्तरांनी खुर्चीखाली पाहिलं. कुत्री तिथंच होती.

मग साहेब शेवटच्या पानावर आले. ते पान त्यांनी मोठ्यानं वाचलं, सावकाश, अडचणीसकट. कपाटापलीकडं चौथीची पोरं पाढे म्हणत होती, तीही थांबली. साहेबांनी वही खाली ठेवली. "ही मुलगी कोण?"

"माझीच हाये, साहेब," अण्णा म्हणाले.

"आन् हे लिहिलं कुणी?"

अण्णांनी माझ्याकडं पाहिलं. मी किटली दोन्ही हातांनी धरून उभी. अण्णा एक शब्द बोलले असते, 'मीच', तर सरकारी वहीत चेष्टा केल्याबद्दल नोकरीवर गदा. खरं बोलले असते तर दोन वर्षांची लबाडी उघडी. काय बोलतील ते मला कळेना आणि मला वाटलं, आता काही झालं तरी हा माणूस मला आयुष्यात भोकरदनला पाठवणार नाही. अण्णांनी टोपी काढून हातात घेतली. "तिनंच लिहिलं, साहेब. दोन सालापासून तीच लिहिती. माझं अक्षर बिलकुल वाईट हाये." मग म्हणाले, "आन् म्या वाचलं न्हाई. वाचाया पायजे व्हतं."

साहेबांनी वही पुन्हा पहिल्या पानापासून चाळली. पोहे गार झाले. मग त्यांनी शेऱ्याची वही मागवली आणि लिहिलं: 'शिक्षकाने टाचण रोज स्वहस्ते लिहावे. मुलीकडून लिहून घेऊ नये, मुलीस शाळेत पाठवावे. मुख्याध्यापकांनी सही करण्यापूर्वी वाचावे.' वही हेडमास्तरांपुढं सरकवली. हेडमास्तर इतके घाबरले होते की त्यांनी लाल पेन काढलं आणि सवयीनं खाली लिहिलं: पाहिले.

अण्णा घरी आले. भाकरी खाल्ली, पापडाला हात लावला नाही. मी आत कोठीच्या आड बसून होते. मार बसेल असं वाटलं होतं, तो बसता तर बरं झालं असतं. थोड्या वेळानं अंगणात फुस्स फुस्स आवाज यायला लागला. डोकावून पाहिलं तर अण्णा सायकलीत हवा भरत होते. "कापडं भर," ते माझ्याकडं न बघता म्हणाले. बाईनं विचारलं, "कुठं निघाले?" तर म्हणाले, "भोकरदनला. आपलं काही न्हाई. वरून लेखी आलंय." बाईनं कपाळावर हात मारला. "म्या दोन महिने तोंडानं सांगून राह्यले, ते काय शिळं व्हतं?" पण बोलता बोलता तिनं माझ्यासाठी धपाटे बांधायला घेतलेसुद्धा. भोकरदनपर्यंत अण्णांनी सायकल मारली. चढावर उतरायचे, सायकल ढकलायचे, मला उतरू द्यायचे नाहीत.

मावशीकडं मी तीन वर्षं राहिले. बाईचा निरोप यायचा, बाजाराला आलेल्या कुणाच्या तरी हाती बाजरीच्या खारोड्या यायच्या. अण्णांचं मात्र एक पत्र आलं नाही. साधं पोस्टकार्ड नाही. शाळेतल्या बाकीच्या मुलींच्या वडलांची यायची, 'चि. सौ.' नाही तरी 'चि.' लिहिलेली. मी ते मनात धरलं. पुढं लग्न झालं, जालन्याला आले, मालक एमआयडीसीत बियाण्याच्या कारखान्यात लागले, मी लिहायला लागले, नाव झालं, तरी ते धरलेलंच होतं. अण्णा गेले तेव्हासुद्धा. माणूस इतकं वाईट रडतो आणि तरी आत कुठंतरी हिशेब धरून बसतो, हे मला तेव्हा कळलं.

बाई जाऊन दोन वर्षं झाली. तिचा पापडाचा डबा माझ्या वाट्याला आला. या मे महिन्यात नातवंडांना पापड लाटायला बसवलं, आणि डबा घासायला काढला तर तळाला एक पान चिकटलेलं निघालं. पिवळं, तेलानं आरपार दिसणारं. वर कोंबडी चिखलातून गेलेली. मला ते लागायलाच अर्धा तास लागला. मी भोकरदनला गेले त्या पावसाळ्यातलं टाचण होतं, अण्णांचं, स्वहस्ते.

'विषय मराठी. घटक, पत्रलेखन. उद्दिष्ट, प्रयागला पत्र लिहिता येणे. कुणाला, गुरुजीला. साहित्य, पोस्टकार्ड एक.' खाली पाहिले. दुसऱ्या दिवशी: 'घटक, पत्रलेखन, मागील भाग पुढे चालू. मायना झाला. पुढे काय लिहावे.' पाहिले. तिसऱ्या दिवशी: 'घटक, पत्रलेखन. कार्ड खराब झाले, दुसरे आणले.' पाहिले. पान उलटलं. मागं चौथा दिवस होता, आणि त्यात अण्णांनी तो माझाच रकाना आखला होता, वेडावाकडा, पट्टी न लावता. 'अडचण, अक्षर वाईट आहे. पोरगी हसेल.'

हसले असते अण्णा, खरंच हसले असते. आणि ते कार्ड आजपर्यंत जवळ ठेवलं असतं.

त्याच्याखालीही हेडमास्तरांची लाल सही आहे, तेलात थोडी पसरलेली. तिच्या खाली बोटभर जागा उरली होती. परवा पोरं एसटीत बसली, घर रिकामं झालं, काल नुसती तयारी झाली, आज मी टेबलाशी बसले. टेबल पुसलं नाही, कव्हर घातलं नाही. पेन उघडलं आणि त्या जागेत लिहिलं: वाचले. खाली सही केली, प्रयाग.